सुईला पैकीच्या पैकी, कागदाला काठावर पास

नव्याने आलेल्या निर्वासितांची पहिली आरोग्य तपासणी ज्या केंद्रात होते, त्यातल्या फक्त हिपॅटायटिस बीच्या भागाबद्दल लिहिते आहे: चाचणी, लस आणि नंतरचा पाठपुरावा. दात, डोळे, क्षयासाठीचा एक्स-रे हेही तिथेच होतं, पण त्यातलं मला कळत नाही. रक्तातलं कळतं. उमेदीची वर्षं रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत गेली, आणि आता एका संस्थेतर्फे नव्या कुटुंबांना सोबत म्हणून या केंद्रात घेऊन जाते. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. ज्या खोडी सांगणार आहे त्या काही त्या एकाच केंद्राच्या नाहीत, आणि नाव दिलं तर बोलणी खाणार तिथली नर्स, जिची काही चूक नाही.

निकाल आधीच सांगून टाकते. लस टोचण्याचं काम उत्तम. चाचण्या योग्य त्याच करतात. रिपोर्ट समजावून सांगणं हे समोर डॉक्टर कोण बसलाय त्यावर. आणि जुनी कार्डं वाचणं व तिसरा डोस, इथे मात्र सगळा आनंद आहे.

हिपॅटायटिस बीवर एवढा भर कशाला, असं नवे स्वयंसेवक विचारतात. कारण विषाणूमुळे होणारा हा यकृताचा आजार वर्षानुवर्षं तोंडच दाखवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांच्या अंगात हा विषाणू कायमचा मुक्कामाला होता, आणि त्या एका वर्षात सुमारे ११ लाख माणसं त्याने गेली, बहुतेक सिऱ्होसिसने, म्हणजे यकृत कडक होत जाऊन निकामी झाल्याने, किंवा यकृताच्या कर्करोगाने. यातल्या बहुतेकांना लागण झाली ती तान्हेपणी नाहीतर लहानपणी. जन्मताना आईकडून लागण झाली तर दहातल्या नऊ बाळांमध्ये विषाणू कायमचा राहतो. धडधाकट मोठ्या माणसाला झाली तर शंभरातल्या पाचांतही राहत नाही. म्हणजे आज समोर बसलेल्या चाळिशीच्या माणसाचा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीचा असतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

ही लस राष्ट्रीय लसीकरणात घ्या, असं संघटनेने १९९२ मध्ये सांगितलं, पण बऱ्याच गरीब देशांत ती पोचायला २००० उलटलं. तेव्हा तिशीपुढचा माणूस आला की तो लशीविना वाढलाय असंच धरून चालायचं. लहान मुलांना डोस मिळालेले असतात, पण जन्मल्यावर २४ तासांच्या आत द्यायचा तो पहिला डोस बऱ्याचदा हुकलेला असतो. २०२२ मध्ये तो जगभरात ४५ टक्के बाळांना मिळाला होता, आणि संघटनेच्या आफ्रिका विभागात फक्त १८ टक्क्यांना. त्यात बाळ छावणीत जन्मलेलं, आणि कागद वाटेत कुठे राहिलेले.

आता केंद्राचं कौतुक. तिथे एकाच बैठकीत रक्तही घेतात आणि पहिला डोसही देतात. ऐकायला साधं वाटतं, पण सगळीकडे असं होत नाही. 'आधी रिपोर्ट येऊ द्या, मग लशीचं बघू' हे वाक्य मी दुसरीकडे इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचं वाक्यही पाठ आहे. रिपोर्ट येईपर्यंत ते कुटुंब दुसऱ्या गावी हललेलं असतं. आणि वाट बघण्याची गरजच नाही: ज्याला आधीच प्रतिकारशक्ती आहे किंवा आधीच लागण झालेली आहे त्याला एक डोस जास्तीचा मिळाला तर काही बिघडत नाही. क्रम मात्र चुकता कामा नये. आधी रक्त, मग लस. उलटं केलंत तर लशीतलंच विषाणूच्या पृष्ठभागाचं प्रथिन रक्तात सापडतं, अगदी अठरा दिवसांपर्यंत, आणि चाचणी सांगते की या माणसाला हिपॅटायटिस बी झालाय. प्रयोगशाळेत असे नमुने आले की मी आधी फोन करून विचारायची, लस कधी घेतली? कारण तोवर तिकडे घरात रडारड सुरू झालेली असायची.

तिथली नर्स बघण्यासारखी आहे. रक्ताची नळी भरली की तिथेच, त्या माणसाच्या डोळ्यांसमोर लेबल चिकटवते, आणि चिकटवायच्या आधी नाव आणि जन्मतारीख त्याच्याच तोंडून वदवून घेते. रक्त एका हातातून, लस दुसऱ्या दंडात. काही पुरुष इंजेक्शन म्हटल्याबरोबर पट्ट्याकडे हात नेतात. आजवर त्यांना सुई मिळाली ती कमरेतच. ती हसून मान हलवते आणि स्वतःच्या खांद्याखाली दोन बोटं ठेवून दाखवते. उगाच नाही दाखवत. ही लस कमरेत, चरबीच्या थरात टोचली तर पाहिजे तितकी लागू पडत नाही. बायकांसाठी पडदा आहे, बाही वर जाण्याएवढी जागा आहे, आणि लस झाल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतात.

तिची पाठ वळल्यावर मी फ्रिजमध्येही डोकावले. सवय जात नाही. आत तापमापक होता आणि त्याचा आकडा २ ते ८ अंशांच्या मधोमध होता. खोकी मागच्या गार भिंतीला चिकटलेली नव्हती. ही लस उन्हापेक्षा बर्फाला जास्त भिते. एकदा गोठली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या क्षाराचे कण एकत्र येतात आणि मग ती कितीही नीट वितळली तरी फेकून द्यायची. बाटली बघून चटकन कळेलच असं नाही, म्हणून फ्रिज बघायचा.

लशीबद्दल दोन शब्द, कारण प्रतीक्षागृहात हमखास प्रश्न येतो की ही माणसाच्या रक्तापासून बनवतात का. एके काळी बनवत. बारुच ब्लमबर्ग यांना १९६० च्या दशकात एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात या विषाणूच्या पृष्ठभागाचं प्रथिन सापडलं, त्यावरून पुढे चाचणी आली, १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि १९८१ मध्ये आलेली पहिली लस खरोखरच बाधित लोकांच्या रक्तद्रवातून ते प्रथिन वेगळं काढून केलेली होती. १९८६ पासून ते काम यीस्टकडे दिलं गेलं. यीस्टच्या पेशीत जनुक घालतात आणि ती पेशी ते प्रथिन बनवून देते. आख्खा विषाणू त्यात कुठेच नसतो, त्यामुळे लशीने हिपॅटायटिस होण्याचा प्रश्न नाही. केंद्रातल्या डॉक्टरांनी हे दुभाष्यामार्फत चार वाक्यांत सांगितलं आणि समोरच्या आजोबांनी बाही वर केली. चित्रांची पत्रकं वाटण्यापेक्षा हे बरं.

पण माझी एक तक्रार आहे. केंद्र मोठ्यांना तीन डोसांचीच लस देतं: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. चार आठवड्यांच्या अंतराने दोनच डोस लागतात अशी मोठ्यांसाठीची लस २०१७ पासून बाजारात आहे, हेप्लिसाव-बी. ज्यांचा पत्ता दर दोन महिन्यांनी बदलतो अशा लोकांसाठी दोन डोस आणि तीन डोस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खरेदी करणाऱ्यांची काय अडचण असेल ती असो. निदान एकट्या तरुण माणसांसाठी, जी सगळ्यात जास्त भटकतात, ती मागवायला हवी.

आता खिडकी. नोंदणीची. इथे माझा रक्तदाब वाढतो.

कुटुंब येतं तेव्हा आईच्या पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं, घडीवर फाटलेलं लसीकरणाचं कार्ड असतं. घर सोडताना काय काय मागे राहिलं असेल, पण हे कार्ड तिने आणलेलं असतं. खिडकीवरचा मुलगा ते उलटसुलट करतो आणि म्हणतो, यात हिपॅटायटिस बी कुठेच लिहिलेलं नाही. लिहिलेलं असतं. 'पेंटा १, पेंटा २, पेंटा ३' असं. पेंटाव्हॅलंट लशीत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात आणि हिब (मेंदुज्वर आणणारा एक जिवाणू) यांच्याबरोबर हिपॅटायटिस बी असतोच. पाच म्हणजे पाच. फ्रेंच कार्डांवर 'डीटीसी' लिहून पुढची 'हेपबी-हिब' ही अक्षरं चौकटीत मावत नाहीत म्हणून गाळलेली असतात. हे सांगणारं एक पान खिडकीच्या आत चिकटवायला किती खर्च येतो?

त्याहून मोठी गंमत तारखांची. इथिओपियातल्या छावणीत जन्मलेल्या एका मुलीचं कार्ड माझ्यासमोर नोंदलं जात होतं. जन्म २०१९ च्या अखेरचा, लशीच्या तारखा २०१२ च्या. संगणकाने नोंद घ्यायला नकार दिला: जन्माआधी लस कशी? मुलाने कार्ड खोटं ठरवलं आणि सगळे डोस पुन्हा, असं लिहायला घेतलं. इथिओपियाचं पंचांग आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं, तेरा महिने असतात आणि वर्ष सप्टेंबरात सुरू होतं. तिथलं २०१२ म्हणजे सप्टेंबर २०१९ ते सप्टेंबर २०२०. हिशेब चोख जुळत होता. अफगाण कार्डांवर १३९८ असं साल असलं की ते निदान विचित्र दिसतं, कुणीतरी थांबून विचारतं. हे २०१२ ओळखीचं दिसतं म्हणून दगा देतं. नर्सला बोलावल्यावर तिने एका मिनिटात रूपांतर करून दिलं. तिच्याकडे तक्ता आहे. तो खिडकीपर्यंत का पोचत नाही, हे केंद्रालाच ठाऊक.

एक तांत्रिक भानगड इथेच सांगते, कारण दोन देशांतून प्रवास केलेल्या मुलांच्या बाबतीत ती नक्की येते. पेंटाचे तीन डोस अनेक देशांत सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना देतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेला ते चालतं. अमेरिकेच्या वेळापत्रकात मात्र शेवटचा डोस बाळ २४ आठवड्यांचं व्हायच्या आत दिला असेल तर धरतच नाहीत. म्हणून एकाच मुलाला एका ठिकाणी 'पूर्ण' आणि दुसऱ्या ठिकाणी 'अपूर्ण' असं ऐकायला मिळतं. आईला वाटतं कुणीतरी फसवतंय. कुणी फसवत नसतं, पण हे तिला सांगायला हवं, आणि ते सांगायला कुणी बसत नाही.

निकाल. चाचण्या तीन करतात आणि तिन्ही लागतात. पहिली विषाणूचं पृष्ठभागावरचं प्रथिन शोधते, म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे का. दुसरी त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) मोजते. १० किंवा वर आकडा असला की संरक्षण आहे. तिसरी विषाणूच्या गाभ्याविरुद्धची प्रतिपिंडं बघते, आणि ती लशीने कधीच तयार होत नाहीत, फक्त खऱ्या लागणीने होतात. त्यामुळे संरक्षण लशीचं की येऊन गेलेल्या आजाराचं, हे तिसरीमुळे कळतं. पैसे वाचवायला पहिली एकच करणारी केंद्रं मी पाहिली आहेत. त्यांना बाधित माणसं सापडतात, पण बाकीच्यांपैकी कुणाला लस हवी हे अंधारातच राहतं. या बाबतीत इथे पूर्ण गुण.

पण फोनवर येणारा निरोप काय असतो? 'तुमचे अहवाल सामान्य आहेत.' सामान्य म्हणजे संरक्षण आहे, की आजारही नाही आणि संरक्षणही नाही? दोन्हीला हाच निरोप! दुसऱ्या प्रकारच्या माणसाला वाटतं झालं, सुटलो, आणि पुढच्या डोसाला तो येत नाही.

समोरासमोर बसलं की चित्र बदलतं, पण डॉक्टर वयस्कर असले तर. सोळा वर्षांची एक मुलगी, लहानपणच्या तिन्ही डोसांची नोंद कार्डावर नीट, आणि प्रतिपिंडांचा आकडा १० च्या खाली. धाकटे डॉक्टर म्हणाले, संरक्षण नाही, पहिल्यापासून सुरू करू. थोरल्या बाईंनी त्यांना थांबवलं. तान्हेपणी घेतलेल्या लशीची प्रतिपिंडं वयात येईपर्यंत मोजण्याइतकी उरत नाहीत, हे नेहमीचंच आहे. पण शरीराची स्मरणशक्ती टिकून असते, आणि निरोगी माणसात हे संरक्षण किमान तीस वर्षं टिकल्याचं दिसलं आहे. कार्ड पूर्ण असेल तर पुन्हा मालिका नको. कार्डच नसतं तर गोष्ट वेगळी. नुसत्या 'घेतली होती' या शब्दावर डोस धरत नाहीत, मग द्यायचेच. बाईंनी हे मुलीसमोरच सांगितलं, धाकट्याला कोपऱ्यात घेऊन नाही. मला ते आवडलं. धाकट्याला आवडलं नसावं.

ज्यांना आजार येऊन गेलाय आणि संरक्षणही तयार झालंय, अशी मोठी माणसं निर्वासितांत बरीच निघतात. त्यांना 'तुम्ही सुरक्षित आहात, लस नको' एवढं सांगून वाटेला लावतात. अर्धं बरोबर. विषाणू यकृताच्या पेशींत दबा धरून राहू शकतो, आणि पुढे कधी कर्करोगाची औषधं किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी काही औषधं सुरू झाली तर पुन्हा उठू शकतो. म्हणून त्या माणसाच्या हातात लेखी कागद हवा, पुढच्या डॉक्टरला दाखवायला. मी मागितला. तिसऱ्यांदा मागितल्यावर छापून दिला.

ज्यांच्या रक्तात विषाणू सापडतो त्यांच्याशी केंद्र फार सांभाळून वागतं, हे मनापासून लिहिते. वेगळी खोली. दुभाषी फोनवरचा आणि अनोळखी. मुलाला किंवा दिराला दुभाष्या म्हणून बसवत नाहीत. पहिलं वाक्यच हे असतं की या निकालाचा तुमच्या आश्रयाच्या अर्जाशी काही संबंध नाही. ते ऐकल्याशिवाय माणसाच्या कानात पुढचं काही शिरत नाही, हे तिथे कुणाच्या तरी लक्षात आलेलं आहे. मग सांगतात: एका ताटात जेवलात, मुलांना कुशीत घेतलंत, तरी याने पसरत नाही. वस्तरा आणि टूथब्रश मात्र स्वतंत्र, कारण हा विषाणू अंगाबाहेर वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. घरातल्या सगळ्यांच्या चाचण्या त्याच आठवड्यात लावतात. बायको गरोदर असेल तर तिची आधी, कारण तिला लागण निघाली तर बाळाला जन्मल्या जन्मल्या लस आणि मिळाल्यास तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन द्यायची तयारी ठेवता येते, आणि तिच्या रक्तात विषाणू फार असेल तर शेवटच्या महिन्यांत टेनोफोव्हिर हे विषाणू दाबणारं औषध देता येतं. लागण झालेल्या प्रत्येकाला लगेच औषध लागतंच असं नाही. नियमित तपासणी मात्र सगळ्यांनाच. हेही तिथे नीट सांगतात.

राहिला तिसरा डोस. पहिल्याला गर्दी, दुसऱ्याला बरी हजेरी, तिसऱ्याला खुर्च्या रिकाम्या. लोक बेफिकीर असतात असं म्हणणाऱ्याने सहा महिने त्यांच्या मागे फिरून बघावं. तात्पुरत्या निवासातून दुसऱ्या शहरात, तिथून नातेवाइकाकडे, मग भाड्याच्या खोलीत. फोनचं सिमकार्ड कधीच बदललेलं. आणि आठवणीचा निरोप जातो तो जुन्या नंबरवर, तोही यजमान देशाच्या भाषेत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढे होते. आठ-दहा महिन्यांनी माणूस दुसऱ्या गावच्या दवाखान्यात जातो आणि तिथे सांगतात, फार उशीर झाला, पुन्हा पहिल्यापासून. चूक! ही मालिका कधीच पहिल्यापासून सुरू करायची नसते. जिथे थांबली तिथून पुढे. वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, तरी. अंतर कमी पडलं तर अडचण असते: पहिल्या-दुसऱ्यात किमान चार आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात आठ, पहिल्या-तिसऱ्यात सोळा. जास्त झालं तर अडत नाही. माझ्याबरोबरच्या एका बाईंना असे एकूण पाच डोस झाले, तीन पुरे असताना. त्यांना अपाय काही झाला नाही, पण कामावरून दोनदा जास्तीची सुट्टी काढावी लागली, आणि ती त्यांना परवडणारी नव्हती.

एकूण पाचपैकी साडेतीन. अर्धा नर्सचा वेगळा. सोबत जाणाऱ्यांनो, जुन्या कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून स्वतःच्या फोनमध्ये ठेवा, साल विचित्र वाटलं तर खिडकीवर वाद न घालता थेट नर्सला बोलवा, आणि तिन्ही चाचण्यांचा निकाल आकड्यांसकट छापून मागा. दुसऱ्या डोसाच्या दिवशी तिसऱ्याची तारीख मुक्कामाच्या नव्या गावातल्या दवाखान्यात घेऊन द्यायला सांगा. ते करतात, पण आपणहून नाही. फोन नंबरही नवा लिहून घ्यायला लावा. खिडकीवरचा मुलगा कुरकुर करतो, पण लिहितो.